दिवाणखान्यातील पडदा

दिवाळीपूर्वीच्या रंगकामाची बोलणी सुरू झाली की हल्ली अनेक व्यापारी घरांत त्याला जोडून आणखी एक विषय निघतो. रंगारी भिंतीवर हात फिरवून खर्चाचा अंदाज सांगत असतो आणि घरातील तरुण मुलगा किंवा नवी सून सुचविते की, त्याच भिंतीवर टीव्हीऐवजी प्रोजेक्टरचा पडदा बसवावा. शंभर इंची चित्र, चहूबाजूंनी आवाज, तिकिटांची रांग नाही, गाडी उभी करण्याची कटकट नाही. वडीलधारी मंडळी यावर एकच प्रश्न विचारतात : ‘केवढ्याला पडेल?’ प्रश्न रास्त आहे. पण तो पहिला नव्हे. हे यंत्र दिवाणखान्याकडून काय काय मागते, आणि ते सोडण्यास घरातील कोण कोण राजी आहे, हे आधी पाहावे लागते. किंमत त्यानंतर.

टीव्ही स्वतः उजळतो. प्रोजेक्टर समोरच्या कापडावर प्रकाश टाकतो आणि कापडाने परत पाठविलेला प्रकाश प्रेक्षक पाहतात. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर दाखविण्याचे खेळ सुरू केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. आज लेझरचा प्रोजेक्टर घरपोच येतो. मधल्या काळात दिवा बदलला, भिंगे सुधारली, फिल्म गेली. काळोखाची अट मात्र तशीच राहिली. कारण साधे आहे. प्रोजेक्टर तांबडा, हिरवा, निळा, पांढरा असा कोणताही प्रकाश पाठवू शकतो. काळा पाठवू शकत नाही, कारण काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव. चित्रातील रात्रीचे आकाश जितके काळे दिसावयास हवे, तितकी खोली काळोखी हवी. खोलीत दुपारचा उजेड असला तर आकाशही पांढुरकेच दिसणार.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी आकडे असे. शंभर इंच हे माप कर्णाचे असते. १६:९ प्रमाणाच्या शंभर इंची चित्राची रुंदी सुमारे ८७ इंच, म्हणजे सव्वासात फूट, आणि उंची ४९ इंच, म्हणजे चार फुटांहून किंचित अधिक. क्षेत्रफळ झाले जवळजवळ ३० चौरस फूट. चित्रगृहातील पडद्याच्या उजळपणाचे प्रमाण १६ फूट-लॅम्बर्ट मानले जाते. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजळपणा आणण्यास ३० गुणिले १६, म्हणजे ४८० ल्युमेन पुरतात. पूर्ण काळोखात ५०० ते ७०० खऱ्या ल्युमेनचे यंत्रही शंभर इंची चित्र समाधानकारक दाखविते, आणि उघड्या खिडकीसमोर ३,००० ल्युमेनचे यंत्रही फिके पडते. विक्रेता मोठा आकडा दाखवून महाग यंत्र पुढे सरकवितो, तेव्हा त्या दोन किमतींमधील फरकात जाड अस्तराचे पडदे शिवून होतात, हे ध्यानात ठेवावे.

येथे ‘खऱ्या’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरील ल्युमेनच्या आकड्याला पुष्कळदा पासंग असतो. कोणत्या मापाने मोजले हे न सांगता दहा-दहा हजारांचे आकडे छापलेले असतात. अन्सी ल्युमेन किंवा आयएसओ २१११८ या प्रमाणानुसार मोजलेला आकडा छापला असेल तरच तो तुलनेस घ्यावा. तोच प्रकार ‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांचा. त्यांचा अर्थ यंत्र फोर-के चित्र आत घेते एवढाच असू शकतो. बाहेर टाकताना ते कमी बिंदूंचेच टाकीत असेल. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ किती, हा प्रश्न विचारून उत्तर बिलावर लिहून घ्यावे. १९२० गुणिले १०८० हे उत्तर मिळाले तरी सामान्य घरास ते पुरेसे आहे. स्वतः मापे-तराजूंच्या व्यवहारात वाढलेल्या माणसाने दुसऱ्याच्या काट्याकडे न पाहणे हे जरा नवलच.

आता काळोखाची किंमत. व्यापारी कुटुंबातील दिवाणखाना ही केवळ बसण्याची जागा कधीच नव्हती. दुकान बंद झाल्यावर उरलेले दुकान तेथेच येते. अडत्या येतो, दलाल येतो, गावाकडचा देणेकरी मुदत मागावयास येतो. मुलामुलींच्या लग्नाची पहिली बोलणी त्याच सोफ्यावर होतात. आजी खिडकीजवळच्या उजेडात स्वाध्यायाचे पुस्तक घेऊन बसते, ४८ मिनिटांची सामायिक करते. शाळेतील नातू त्याच मेजावर गणिते सोडवितो. यांतील प्रत्येकाला उजेड हवा आणि थोडी शांतता हवी. पडद्याला हवा काळोख, आणि सर्वांची तोंडे एका दिशेस. टीव्ही चालू असताना कोपऱ्यात बसून हिशेब लिहिता येतो. प्रोजेक्टर चालू असताना येत नाही. एकाच वेळी एका खोलीत दोन कामे चालणे, हे जे एकत्र कुटुंबाचे मोठे सामर्थ्य, ते या यंत्रापुढे त्या दोन तासांपुरते थांबते. उलट एक लाभही आहे. टीव्हीची काळी काच बंद असतानाही भिंत व्यापून बसते. पडदा गुंडाळला की भिंत पुन्हा भिंत होते. ज्या घरात टीव्ही कोणी पाहत नसतानाही दिवसभर बडबडत असतो, त्या घरास हा सौदा फायद्याचा ठरू शकतो. अट एवढीच की, ते दोन तास कोणते, हे घरातील सर्वांनी मिळून ठरविलेले असावे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना संध्याकाळ मोठी मिळते. हिवाळ्यात तर सहाच्या सुमारासच पाने आटोपलेली असतात. पण तीच वेळ प्रतिक्रमणाची आणि तीच दुकानातून परतणाऱ्यांची. आजीने प्रतिक्रमणाचे आसन आतल्या खोलीत हलवावे, असे कोणी न सांगताही घडते, आणि पडद्याचा पहिला खरा खर्च तो असतो. बिलात तो दिसत नाही.

जागा ठरवितानाही अशीच एक गोष्ट आड येते, आणि ती दुकानातील प्रात्यक्षिकात लक्षात येत नाही. समजा, दिवाणखाना १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. १२ फुटांच्या भिंतीवर सव्वासात फुटांचे चित्र बसविल्यावर दोन्ही बाजूंस सव्वादोन-अडीच फूट उरतात. स्पीकरसाठी ते ठीक. शंभर इंची चित्र पाहण्याचे सोयीचे अंतर १० ते साडेतेरा फूट. म्हणजे सोफा पडद्यापासून ११-१२ फुटांवर ठेवून मागून जाण्यायेण्यास वाट राहते. तेही ठीक. आता यंत्राचे अंतर. प्रत्येक प्रोजेक्टरला ‘थ्रो रेशो’ नावाचे एक प्रमाण असते : चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतरावर यंत्र ठेवावे लागते, ते. सामान्य यंत्रांत हे प्रमाण १.२ ते १.५ असते. सव्वासात फुटांस त्याने गुणले की पावणेनऊ ते अकरा फूट येतात. आणि १८ फुटांच्या खोलीच्या मध्यभागी, नऊ फुटांवर, छताला काय असते? पंखा. यंत्र पंख्याच्या मागे पातींच्या उंचीवर टांगले, तर प्रकाशझोत पातींतून जातो आणि चित्र सतत लुकलुकते. महाराष्ट्रातील एप्रिल महिन्यात पंखा बंद करून चित्रपट पाहण्याचा निश्चय पहिल्या रविवारीच मोडतो.

यावर तीन उपाय आहेत. यंत्र पातींच्या खाली येईल इतक्या लांब दांडीवर टांगावे; छत उंच असलेल्या जुन्या घरांत हे जमते, नव्या सदनिकांत उभ्या माणसाचे डोके झोतात येते. दुसरा उपाय, मधला पंखा काढून बाजूला दोन लहान पंखे किंवा भिंतीवरचे पंखे बसवावेत. तिसरा, अतिजवळून चित्र टाकणारे यंत्र घ्यावे. त्याचे प्रमाण पाव पटीच्या आसपास असते, म्हणून ते पडद्याखालच्या बैठ्या कपाटावर, भिंतीपासून जेमतेम पावणेदोन-दोन फुटांवर भिंग येईल असे मांडता येते. पंखा, छत, डोकी यांचा प्रश्नच मिटतो. मात्र त्याची किंमत अधिक, आणि झोत खालून तिरका येत असल्याने पडद्याला किंचितही लाट चालत नाही. साधा गुंडाळीचा पडदा त्याला उपयोगी नाही, ताणून बसविलेला हवा. लहान मुलांनी त्याच्या भिंगात वाकून पाहू नये, ही दक्षताही घ्यावी लागते.

यंत्र तिरके ठेवून चित्र बटणाने सरळ करता येते, असे विक्रेता सांगतो. ते खरे आहे. पण ‘कीस्टोन’ नावाच्या त्या सोयीत यंत्र चित्राच्या कडा आत घेऊन ते सरळ करते, म्हणजे पैसे दिलेल्या बिंदूंपैकी काही वाया जातात. यंत्र पडद्याच्या बरोबर मध्यावर, समांतर बसविणे हाच सरळ मार्ग. टांगताना खिळा पीओपीच्या खोट्या छताला न मारता वरच्या स्लॅबपर्यंत नेऊन फास्टनरने आवळावा. तारांचे काम रंगकामाच्या आधी. एचडीएमआयची तांब्याची तार पाच-सात मीटरच्या पुढे फोर-के चित्रास दगा देऊ लागते. लांब अंतरास ऑप्टिकल फायबरची तार घ्यावी आणि ती भिंतीतील पाइपातून ओढावी. पाइप इतका रुंद हवा की तारेचे टोक त्यातून पार होईल. वायरमन बहुधा दिव्याच्या तारांसाठीचा बारीक पाइप टाकून मोकळा होतो, आणि वर्षभराने तार बदलावयाची वेळ आली की नवा रंग फोडावा लागतो.

आवाजाकडे लोक चित्रानंतर पाहतात. वास्तविक चित्र थोडे फिके असले तरी मनुष्य अर्ध्या तासात विसरतो. संवाद कळला नाही तर विसरत नाही. प्रोजेक्टरमधील स्वतःचा स्पीकर बेताचा असतो आणि तो प्रेक्षकांच्या डोक्यावर किंवा मागे असतो, म्हणजे नायिका समोर बोलते आणि आवाज पाठीमागून येतो. ‘५.१’ या पद्धतीत पुढे तीन, मागे-बाजूला दोन आणि खर्जासाठी एक, असे सहा स्पीकर असतात. त्यांतील बहुतेक संवाद पुढच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पैसे थोडे असतील तर पुढचे तीन चांगले घ्यावेत आणि बाकीचे नंतर जोडावेत. सहा स्वस्त घेण्यापेक्षा ते शहाणपणाचे. ज्या घरात आजोबांना कमी ऐकू येते, तेथे मधला स्पीकर हीच सर्वांत उपयोगाची खरेदी ठरते. पुढचे डावे-उजवे स्पीकर मधल्या बैठकीपासून मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस २२ ते ३० अंशांत यावेत, बाजूचे दोन ११० ते १२० अंशांत, म्हणजे कानाच्या किंचित मागे. अंश मोजण्यास शाळेतील कोनमापक पुरतो.

आपल्याकडील दिवाणखान्यांत फरशी गुळगुळीत, भिंती गुळगुळीत, खिडक्या काचेच्या. आवाज एका भिंतीवरून दुसरीवर उड्या मारतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जमिनीवर जाड सुती सतरंजी, खिडकीला जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. काळोखासाठी घेतलेले पडदे येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतात. खर्जाचा सबवूफर मात्र फरशीवरून थेट खालच्या घराच्या छतात बोलतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियमाची वेळ येऊ देऊ नये. खाली राहणाऱ्यांस एकदा वर बोलावून चहा द्यावा, मग खाली जाऊन त्यांच्या घरात उभे राहून वरचा आवाज ऐकावा.

जैन घरात या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. आरामखुर्च्यांसह ‘होम थिएटर’चा संच विकणारे बहुधा चामड्याच्या खुर्च्या दाखवितात, सजावटकार रेशमी पडदे सुचवितो. कापडी खुर्ची आणि जाड सुती पडदा आवाज शोषण्यात चामड्याहून सरसच; तेव्हा येथे व्रत आणि विज्ञान यांत भांडण नाही. पावसाळ्यात उघड्या खिडकीतून किडे झोताकडे धावतात, तापलेल्या यंत्राच्या जाळीत अडकून मरतात. म्हणून दिवा लावण्याआधी खिडक्या लावून घ्याव्यात, बारीक जाळी बसवावी, आणि यंत्राची हवेची जाळी नियमाने झाडावी; यंत्राचेही आयुष्य त्याने वाढते. खाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. काळोख झाला, पडदा उघडला की हात आपोआप वाटी शोधू लागतो, आणि चौविहार पाळणाऱ्या घरातील मुलेसुद्धा ‘आज एक दिवस’ म्हणून मक्याच्या लाह्या मागतात. तो एक दिवस दर शनिवारी येतो. सतरंजीत सांडलेल्या कणांवर सकाळी मुंग्यांची रांग लागते, आणि झाडणाऱ्या सुनेला दोन्ही बाजूंनी दोष. पडद्यासमोर पाण्याशिवाय काही नाही, एवढा नियम पहिल्या दिवसापासून असलेला बरा. नंतर तो लावता येत नाही.

चालू खर्चाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दिव्याचा प्रोजेक्टर सुमारे ३०० वॉट घेतो असे धरले, तर रोज दोन तासांचे महिन्यास १८ युनिट होतात. जुन्या पद्धतीचा दिवा तीन ते पाच हजार तास चालतो. रोज दोन तास, म्हणजे वर्षास ७३० तास, या हिशेबाने चार ते सात वर्षे. लेझर व एलईडीचे आयुष्य २०,००० तासांच्या आसपास सांगितले जाते. तितकी वर्षे मोजत बसू नये, यंत्रातील दुसरे काही त्याआधी बिघडते. दिव्याच्या यंत्रास वीज एकाएकी गेलेली सोसत नाही, कारण दिवा तापलेला असतानाच थंड करणारा पंखा थांबतो. तेथे लहान यूपीएस लावावा.

पैशाच्या बाबतीत मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण व्यापारी कुटुंबांत चूक होते ती येथे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १ लाखाच्या यंत्रावर १८ हजारांचा कर. कोणीतरी सल्ला देतो की, बिल पेढीच्या नावाने घ्या, कराची वजावट मिळेल, घसाराही मिळेल. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर कराची वजावट घेता येत नाही, असे जीएसटी कायद्याचे कलम १७ स्पष्ट सांगते. यंत्र काही काळ धंद्यासाठी आणि काही काळ घरासाठी वापरले, तर धंद्याच्या वाट्यापुरतीच वजावट मिळते. ‘ग्राहकांना नमुने दाखविण्यासाठी’ असे खतावणीत लिहून ते दिवाणखान्याच्या छताला टांगणे, ही व्याज व दंडाला निमंत्रण देणारी गोष्ट होय. यंत्राचा क्रमांक बिलावर असतो. रोखीच्या व्यवहाराबाबतही तेच : एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि बिलाशिवाय घेतलेल्या यंत्राची हमी मागण्यास कोणत्या दारी जाणार?

पण कराहून मोठा प्रश्न भावाचा आहे. दोन भावांची समान भागीदारीची पेढी, एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन घरे, असे चित्र गावोगावी दिसते. धाकट्याच्या घरी पडदा बसला आणि १ लाख १८ हजारांचे बिल पेढीने दिले, तर त्यांतील ५९ हजार थोरल्याचे गेले. थोरला बोलत नाही. त्याची पत्नीही प्रथम बोलत नाही. पुढच्या वर्षी तिच्या घरी स्वयंपाकघर नवे होते, तेही पेढीच्याच खर्चाने, आणि आता धाकटा बोलत नाही. खतावणीत या साऱ्याची नावे ‘दुरुस्ती’ आणि ‘किरकोळ’ अशी असतात. पंधरा वर्षांनी वाटणीची वेळ येते तेव्हा हे ‘किरकोळ’ एकेक करून बाहेर येते, आणि त्या वेळी रकमेचे भांडण उरलेले नसते. यावर उपाय जुनाच आहे : रक्कम ज्याच्या घरी गेली त्याच्या उचल खात्यास त्याच दिवशी नावे टाकावी. एक ओळ लिहावी लागते. ती लिहिताना संकोच वाटतो, म्हणून ती राहून जाते. पडदा दोन्ही घरांनी मिळून वापरावयाचा असेल तर तेही आधी बोलून अर्धे-अर्धे नावे टाकावे, आणि वरच्या मजल्यावरील मुलांना दार वाजवून परवानगी मागावी लागू नये, अशी व्यवस्था असावी.

हप्त्यांवर घेण्याचा मोह आजकाल सर्वांना होतो. ‘बिनव्याजी हप्ते’ हे शब्द दुकानाच्या काचेवर असतात. समजा, एकूण संचाची छापील किंमत २ लाख, रोख घेणाऱ्यास १० हजारांची सूट, आणि हप्त्याने घेणाऱ्यास सूट नाही, व्याजही नाही. बारा हप्ते १६,६६७ रुपयांचे. म्हणजे १ लाख ९० हजारांची वस्तू वर्षभरात २ लाखांना पडली. शिल्लक दरमहा घटत असल्याने १० हजारांचा हा फरक वर्षास सुमारे साडेनऊ टक्के व्याजाच्या बरोबरीचा होतो. वर प्रक्रिया शुल्क व त्यावरील कर. उघड व्याजाच्या कर्जाशी तुलना करावयाची तर १४ टक्के दराने, घटत्या शिलकेवर, दोन वर्षांसाठी २ लाखांचा हप्ता सुमारे ९,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज ३० हजारांवर जाते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत बँकांना कान टोचले होते. शून्य नसतेच, ते दुसऱ्या ओळीत लिहिलेले असते. धंद्याच्या कॅश क्रेडिट खात्यातून ही रक्कम उचलणे तर सर्वांत वाईट. ती मर्यादा मालासाठी मिळालेली असते, आणि सणाच्या तोंडावर मालाचे पैसे द्यावयाच्या दिवशीच ती कमी पडते. चैनीची वस्तू साठविलेल्या पैशातून घ्यावी, अन्यथा एक वर्ष थांबावे. थांबण्यात तोटा नाही, ही यंत्रे दरवर्षी सुधारतच आहेत. ज्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले आहे त्यांना मर्यादा आधीच ठाऊक असते. त्यांनी जुना टीव्ही आतल्या खोलीत न हलविता कोणास तरी देऊन टाकावा. दोन्ही ठेवले की पडद्यापुढे सर्वांनी एकत्र बसण्याचे कारणच नाहीसे होते, प्रत्येक खोलीत वेगळे चित्र सुरू होते.

पडदा नीट वापरला तर त्याचे मोलही मोठे आहे. मंदिराच्या किंवा स्थानकाच्या पायऱ्या ज्यांना आता चढवत नाहीत, त्या आजी-आजोबांना चातुर्मासातील प्रवचन मोठ्या चित्रात, स्वच्छ आवाजात ऐकता येते. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी येतो. मागचा २०१८ मध्ये झाला. ५७ फुटांची ती मूर्ती मोबाइलच्या काचेत बोटाएवढी दिसते, भिंतीवर तिचा चेहरा तरी माणसाहून मोठा होतो. लग्नाच्या जुन्या चित्रफिती, वडिलांच्या तरुणपणीची छायाचित्रे, दुकानाच्या पहिल्या पाटीचे छायाचित्र, हे सारे या पडद्यावर एकदा लावून पाहावे. पर्युषणात आणि दशलक्षणात पडदा गुंडाळलेला राहील, हे मात्र यंत्र आणण्यापूर्वीच मुलांना सांगावे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. सभा-समारंभांसाठी प्रोजेक्टर भाड्याने देणारे लोक बहुतेक शहरांत असतात. दोन रात्रींसाठी एक आणावा, मेजावर ठेवून चित्र सरळ भिंतीवर टाकावे, आणि चित्राच्या चार कोपऱ्यांवर कागदी चिकटपट्टी लावावी. यंत्र परत गेल्यावरही चिकटपट्ट्या आठ दिवस तशाच ठेवाव्यात. त्या चौकटीत कोणाची खिडकी येते, कोणाचे छायाचित्र उतरवावे लागेल, दिवा मालविल्यावर कोणाला उठून आत जावे लागले, हे त्या आठवड्यात दिसते. नवव्या दिवशी, सर्वजण घरी असताना, विक्रेत्यास बोलवावे आणि पहिला प्रश्न आजीला विचारू द्यावा.